दिव्यांभोवती कडी दिसणारे आजोबा आणि नाताळची फेरी

पत्र :

"ताई, भुसावळहून लिहिते. आम्ही ख्रिस्ती, घर रेल्वेतलं. सासरे ड्रायव्हर होते, आधी मालगाडीवर, मग मेल-एक्सप्रेसवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नाताळात सगळ्यांनी मिळून दिवे बघायला निघायचं ही आमच्या घरची जुनी पद्धत. पूर्वी सासू-सासरे सायकलवर जायचे, मग लुनावर, मग रिक्षा करून, आणि आता आमच्या गाडीतून. रेल्वे क्वार्टरांवर टांगलेल्या कागदी चांदण्या, चर्चमधली गव्हाणी म्हणजे येशूजन्माचा देखावा, घराघरांवरच्या माळा, आणि एक संध्याकाळ जळगाव. घरात याला 'चांदण्यांची फेरी' म्हणतात. सासूबाई करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. वाटेत ज्यांना रात्रपाळी असेल त्यांना, फाटकावरच्या गेटमनला, स्टेशनावर रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनला, दोन-दोन करंज्या हातावर ठेवायच्या. बाबांचे कितीतरी नाताळ इंजिनातच गेले, म्हणून त्यांनी हे सुरू केलं होतं.

आषाढात सासूबाई गेल्या. आता बाबा म्हणतात, 'मला काय दिसतंय? दिव्यांभोवती नुसती कडी दिसतात. समोरून गाडी आली की डोळे दिपतात. तुम्ही जा.' हल्ली टीव्हीसुद्धा लावत नाहीत. नवरा मालगाडीवर लोको पायलट, त्यांच्या ड्यूटीचा भरवसा नाही. मुलगी दहावीत. ती म्हणते, सगळीकडे त्याच एलईडीच्या माळा, मोबाइलवर बघितल्या तरी तेच. पुण्याचे दीर-जाऊबाई म्हणतात, यंदा इकडेच या, कॅम्पात केवढी रोषणाई असते. नाशिकच्या नणंदबाई म्हणतात, आईला वर्ष व्हायच्या आत चांदणीच कशाला लावता. फराळ करायला मी एकटी, गाडी चालवायला मी, रुसवे काढायलाही मीच. खरं सांगू का, यंदा फेरी नको असं कुणी म्हटलं तर मला सुटल्यासारखं होईल. आणि तेच मनाला लागतंय. काय करू?"

उत्तर :

ताई, फेरीचं, पुण्याचं, नणंदबाईंचं सगळं जरा थांबू द्या. आधी बाबांचे डोळे तपासून घ्या. याच आठवड्यात.

त्यांचं बोलणं तुम्ही रुसव्यासारखं, दुःखाने मन उडालेल्या माणसाच्या नकारासारखं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं आणि मला त्यात डोळ्यांच्या डॉक्टरला सांगण्याची लक्षणं सापडली. दिव्याभोवती कडं दिसणं, समोरच्या हेडलाइटने डोळे दिपणं, टीव्ही नकोसा होणं. या वयात असं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की आत येणारा उजेड सरळ न जाता पसरतो. दिवसा माणूस कसंबसं निभावून नेतो, पण काळोखात एकेक दिवा फुटून पसरल्यासारखा दिसतो. आणि हल्लीच्या पांढऱ्या-निळ्या एलईडीचा प्रखर उजेड अशा डोळ्यांना जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त बोचतो. म्हणजे ज्याला आपण रोषणाई म्हणतो ती बाबांना यंदा नुसती बोचणार.

मोतीबिंदूच असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण कड्यांचं दुसरंही एक कारण असतं, काचबिंदू. तो मोतीबिंदूसारखा सवड देत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि त्याचा नेहमीचा प्रकार फारसा काही न जाणवता आतल्या आत वाढत राहतो. म्हणून डॉक्टरांना नुसता चष्म्याचा नंबर काढायला सांगू नका. डोळ्यांचा दाब मोजायला आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासायला सांगा. बाबांना शुगर असेल तर पडद्याची तपासणी टाळूच नका. जाण्याआधी त्यांच्याशी निवांत बसून बोला. कडी एकाच डोळ्यात दिसतात की दोन्ही, पांढरी की इंद्रधनुष्यासारखी रंगीत, सोबत कपाळ दुखतं का. चालताना खांदा दाराच्या चौकटीला लागतो का, हे तुम्हीच लक्ष ठेवून बघा. आणि एक दिवस अचानक डोळा लाल झाला, जोरात दुखायला लागला, उलटी झाली, नजर धुरकट झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

भुसावळला रेल्वेचं मोठं हॉस्पिटल आहे. बाबांचं निवृत्तांचं मेडिकल कार्ड कपाटात कुठे ठेवलंय ते आजच शोधून ठेवा. अशी कार्डं घरात सासूबाईंनाच सापडायची, हे मी न सांगता तुम्हाला ठाऊक आहे.

आता बाबा हे आधीच का बोलले नाहीत, ते बघा. ड्रायव्हरच्या नोकरीत डोळे म्हणजे पोट. रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर चालणाऱ्या माणसांना, नजरेची सगळ्यात कडक श्रेणी लागते, ए-वन. ठरावीक वर्षांनी मेडिकल, वय वाढेल तशी ती लवकर लवकर, लांबची नजर, रंगांची ओळख, सगळं तपासून. त्यात नापास झालेला माणूस इंजिनावरून खाली उतरतो आणि त्याला दुसऱ्या कामावर टाकतात. ज्या माणसाने सगळी नोकरी 'डोळ्यांना काही होऊ नये' या धास्तीत काढली, तो रिटायर झाल्यावर सहज म्हणेल का, की मला नीट दिसत नाही? तो म्हणेल, 'तुम्ही जा.' तुमचे यजमानही याच नोकरीत आहेत, त्यांना हे एका वाक्यात कळेल. दवाखान्यात न्यायचं बोलणं त्यांनाच काढू द्या. सुनेने काढलं तर काळजी वाटते. मुलाने, त्यातून त्याच लाइनवरच्या मुलाने काढलं, तर दोन ड्रायव्हरांची गोष्ट होते.

ऑपरेशन सांगितलं तर काय? मोतीबिंदूचं ऑपरेशन आता सहसा त्याच दिवशी घरी सोडणारं आहे. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. पण त्यानंतर काही आठवडे थेंब घालायचे असतात, डोळ्यात पाणी, धूर, धूळ जाऊ द्यायची नसते, डोळा चोळायचा नसतो. म्हणून नाताळच्या फेरीत बाबांना छान दिसावं या हौसेने डिसेंबरात तारीख ओढून आणू नका. फराळाची गडबड आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलूही नका. साधा मोतीबिंदू असला आणि डॉक्टरांची हरकत नसली, तर जानेवारी बरा. काचबिंदू निघाला तर औषध त्याच दिवसापासून.

डोळे तपासून झाल्यावरही बाबा नको म्हणू शकतात. मग मात्र त्यांचा नकार खरा माना. बायको जाऊन सहा महिने झालेला माणूस एखाद्या सणाला घरात बसून राहिला तर त्यात वावगं काही नाही. जेवण सुटलं, झोप गेली, आंघोळीचा कंटाळा, मित्र दारात आले तरी बाहेर येणं नाही, 'आता कशासाठी' असं बोलणं वारंवार, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. वय झालं म्हणून ते आपोआप सोडून द्यायचं नाही.

आता तुमचं. फेरी नको म्हटलं तर सुटल्यासारखं होईल, असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच स्वतःवर चिडलात. अवो ताई, सुटल्यासारखं का नाही होणार? फराळ, घराची साफसफाई, चर्चचा कार्यक्रम, मुलीची दहावी, पाहुणे, आणि वर गाडीचं स्टीअरिंग. तुम्हाला दिव्यांचा कंटाळा आलेला नाही, दिव्यांपर्यंत पोचायला जे करावं लागतं त्याने तुम्ही थकला आहात. फेरी रद्द केली तरी यातलं निम्मं काम तसंच राहणार आहे, फक्त शेवटी गाडीत बसायचं सुख तेवढं जाईल. म्हणून कात्री लावायची तर ती कामाला लावा.

पहिली कात्री फराळाला. दिवाळीत शेजारपाजारच्या पाटलांकडून, चौधरींकडून ताटं आली असतील, ती नाताळात भरून परत करायची हे मी समजते. आपल्याकडे ताट रिकामं जात नाही. पण त्यात चकली, शेव, शंकरपाळे घरचेच हवेत असा नियम कुठल्या शास्त्रात किंवा शुभवर्तमानात नाही. बचत गटाच्या बायका उत्तम करून देतात, त्यांना दोन पैसे मिळतात, तुमची दोन रात्रींची झोप वाचते. विकतची चकली बघून कुणी नाक मुरडलंच, तर पुढच्या वर्षी सोऱ्या तिच्या हातात द्या. करंज्या मात्र घरी करा. त्या सोडू नका. का, ते पुढे सांगते. आणि त्या एकटीने करू नका. बाबांना समोर बसवा. सारण भरायला तीक्ष्ण नजर लागत नाही, हाताला अंदाज असला की पुरतं. मुलीने पाऱ्या लाटायच्या. वाकड्यातिकड्या होतील, होऊ द्या. गेटमन करंजीचा आकार मोजत नाही.

दुसरी कात्री रस्त्याला. जळगावची संध्याकाळ यंदा रद्द. हे मी ठासून सांगते. भुसावळ-जळगाव हा आता चौपदरी हायवे, तरी रात्री त्यावर ट्रकांचे डोळे फोडणारे लाइट असतात. बाबांना त्रास, तुम्हाला दमणूक. फेरी भुसावळातच ठेवा आणि तीही दोन तासांची. डिसेंबर अखेरीला आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. काळोख पुरता दाटायच्या आधी, आभाळात थोडा उजेड असतानाच निघा. मोतीबिंदूच्या डोळ्याला काळ्याकुट्ट रात्रीतला दिवा जास्त फुटतो, तिन्हीसांजेला त्यामानाने कमी. बाबांना पुढे बसवू नका, मागे डाव्या बाजूला बसवा, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांचा झोत थेट येणार नाही. पुढे काठ असलेली टोपी घालायला द्या. कानाला मफलर, कारण नाताळच्या सुमाराला आपल्याकडे पारा दहापर्यंत उतरतो आणि म्हाताऱ्या माणसाला ते आधी कानात कळतं. शक्य असेल तर त्या संध्याकाळी गाडी तुम्ही चालवूच नका. ओळखीचा रिक्षावाला दोन तासांसाठी ठरवा. पैसे जातील. पण दिवे बघायच्या फेरीत ज्या बाईची नजर रस्त्यावरून हलत नाही तिने फेरी केली असं मी तरी म्हणणार नाही.

कुठे न्यायचं हेही निवडून ठरवा. रस्त्याच्या कडेला उभं राहून लांबून बघायची झगमग बाबांसाठी नाही. गव्हाणी मात्र आहे. हातभर अंतरावर उभं राहता येतं, वाकून बघता येतं, पेंढ्याला हात लावता येतो. गव्हाणी उभी करायची ही चाल आसिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात सुरू केली असं मानतात. तिथे खरा बैल, खरं गाढव, खरं गवत होतं, आणि उजेड मेणबत्त्या-मशालींचा. तेव्हा तेही लोक पायी जाऊन बघत होते. चर्चमध्ये गर्दी ओसरल्यावर जा. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, ते एक खुर्ची पुढे टाकून देतील.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले.

इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल नुसता बघत नाहीत, एकमेकांना मोठ्याने सांगतात. समोरचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग पुकारायचा, दुसऱ्याने स्वतः बघून तोच पुन्हा पुकारायचा, हात पुढे करून दाखवायचा. डिस्टंट, होम, स्टार्टर ही सिग्नलांची नावं. एक पिवळा, दोन पिवळे, हिरवा, लाल. दोघांचे डोळे चांगले असले तरी पुकारायचंच, रात्रभर, इगतपुरीपर्यंत, खंडव्यापर्यंत, बडनेऱ्यापर्यंत. तुमच्या सासऱ्यांनी आधी असिस्टंट म्हणून पुकारलं असेल आणि मग ड्रायव्हर म्हणून वर्षानुवर्षं ऐकलं असेल. तुमचे यजमान आजही पुकारतात.

तर या फेरीत बाबांच्या शेजारी नातीला बसवा आणि तिला असिस्टंट करा. निघण्याच्या आदल्या दिवशी आजोबांकडून पुकारायची रीत शिकून घ्यायला सांगा. तिने म्हणायचं, 'डावीकडे, दुसरा मजला, लाल चांदणी, पाच कोनांची.' बाबांनी जेवढं दिसतंय त्यावरून परत म्हणायचं. त्यांना लाल धूसर गोळा दिसेल, कोन दिसणार नाहीत, चालेल. ते तिला झापतीलही. नुसतं 'तिकडे बघा किती मस्त' असं पुकारणाऱ्या असिस्टंटला कुठलाही ड्रायव्हर इंजिनातून उतरवेल. बाजू सांग, उंची सांग, रंग सांग, स्थिर आहे की लुकलुकतोय ते सांग. मुलगी दोन क्वार्टरं होईस्तोवर लाजेल, तिसऱ्याला तिला मजा यायला लागेल, कारण आजोबांना पकडता येतं आणि आजोबा आपल्याला पकडतात. मोबाइल खिशात ठेव असं तिला वेगळं सांगावं लागणार नाही, दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. आणि बाबांना 'मला घेऊन काय करणार' म्हणायची सोय राहणार नाही. पुकारा ऐकायला ड्रायव्हर लागतोच.

एक सांभाळा. तिला बजावून ठेवा की न दिसलेलं पुकारायचं नाही. आजोबांना बरं वाटावं म्हणून नसलेल्या चांदण्या रंगवून सांगायच्या नाहीत. चुकीचा सिग्नल पुकारणं या घरात चेष्टेचा विषय नाही, हे तिला तुमच्यापेक्षा तिचे बाबा नीट समजावतील.

मुलीचं एलईडीबद्दलचं म्हणणं मात्र मला अर्धं पटतं. सगळीकडे तशाच माळा, तसाच पांढरा-निळा झगझगाट, त्याच दुकानातून आणलेला. पण तिला थोडं मागे नेलं तर तिचा चेहरा बदलेल. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले 1882 साली, न्यूयॉर्कमध्ये, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याच्या घरी. लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 बल्ब, आणि झाड गोल फिरणारं. त्याआधी झाडाला मेणबत्त्या लावायचे आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायचे. आणि जो निळा दिवा तिला कंटाळवाणा वाटतो, तो नीट उजळ पेटायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. लाल आणि हिरवे एलईडी आधीच होते, निळा काही केल्या जमत नव्हता. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा सापडला म्हणून पांढरा एलईडी करता आला. दहावीच्या मुलीला हे 'आजोबांची परंपरा' या भाषणापेक्षा लवकर पटेल.

बाबांनाही विचारायला सांगा, पूर्वीच्या माळा कशा असायच्या. छोटे बल्ब एकामागे एक एकाच तारेत जोडलेले, त्यातला एक गेला की सगळी माळ अंधारात. मग टेस्टर घेऊन एकेक बल्ब चाचपत बसायचं. रेल्वेतल्या माणसांच्या घरी हे काम कोण करायचं, हे मी सांगायची गरज नाही. एखादी तशी माळ माळ्यावर असेल तर खाली काढा. तिचा पिवळा, मंद उजेड बाबांच्या डोळ्यांना सोसवेल आणि तुमच्या दारात तीच शोभेल. मात्र वायरची रबरं वाळून तडकली असतील तर लावू नका. जुनी माळ आणि नवा शॉक, दोन्ही नकोत.

दहावीची काळजी करणाऱ्या नातेवाइकांना सांगा, दोन तासांनी बोर्डाचा निकाल बदलत नाही.

यजमानांच्या ड्यूटीचं. मालगाडीचा कॉल कधी येईल याचा नेम नाही, आणि तुम्ही 25 तारखेला धरून बसलात तर रुसवा ठरलेला. तारीख सोडा, दिवस मोकळे ठेवा. चर्चच्या पंचांगात नाताळ एका रात्रीत संपत नाही, तो बारा दिवस चालतो. 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो, तारा बघत निघालेले पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बाळ येशूपर्यंत पोचले, त्याचा. म्हणजे ताऱ्यामागे निघालेल्यांनाही उशीरच झाला होता. त्या तारखेपर्यंत ज्या संध्याकाळी यजमान घरी असतील ती तुमची फेरी. थोड्या चांदण्या उतरलेल्या असतील, पण 2 किंवा 3 जानेवारीला रस्त्यात गर्दी नसते, आणि बाबांना ते फायद्याचंच. आणि नेमक्या 25 ला यजमान ड्यूटीवर निघाले तर ड्यूटीवर जाताना डब्यातल्या करंज्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्यूटीवर रुजू होतात तिथे, द्यायला त्यांच्याबरोबर पाठवा.

हेच ते करंज्यांचं. तुम्ही पत्रात ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. दिवे बघायला पुष्कळ घरं निघतात. पण सणाच्या रात्री फाटकावर उभा असलेला माणूस आठवणारी, त्याच्या हातावर घरचं खाणं ठेवणारी बाई प्रत्येक घरात नसते. तुमच्या सासूबाईंनी नवरा इंजिनात असताना घरी बसून काढलेल्या रात्रींमधून ते उभं केलं. तुमच्या फेरीत जपायचं असेल तर ते जपा. रोषणाईचा भाग लहान करा, चर्चही एकच घ्या, पण डबा रिकामा करून घरी या. डबा कुणाच्या मांडीवर असावा हे मी ठरवणार नाही. तुमच्या असेल, मुलीच्या असेल. बाबांनी मागितला तर त्यांना द्या. एखादा जुना पॉइंट्समन 'आई कुठे?' म्हणून विचारेल, तेव्हा सांगायची तयारी मनात करून जा. कुणी सांगायचं ते घरातूनच ठरवून निघा, नाहीतर गाडीत सगळेच एकमेकांकडे बघत राहाल.

नणंदबाईंचं म्हणणं मला कठोर वाटत नाही. त्यांची आई गेली आहे आणि त्या नाशिकला आहेत. दारावरची चांदणी बघून आपल्याविना घर पुन्हा उभं राहिलं असं त्यांना वाटत असेल. वर्षभर सण न करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ मराठी घरांत आहे, ख्रिस्ती घरांतही ती शेजाराने आली आहे. बायबलात असा नियम नाही. हवं तर पाळकसाहेबांना विचारा. माझं मत विचाराल तर चांदणी लावा. मोठी नको, नवी नको, सासूबाईंनी लावलेलीच लावा. पण लावण्याआधी नणंदबाईंना फोन करा आणि परवानगी मागू नका, काम सांगा. त्यांना म्हणा, आई करंज्यांच्या सारणात काय घालायच्या ते मला नीट माहीत नाही, खसखस की तीळ, तुम्ही सांगा. माहीत असलं तरी विचारा. आणि सासूबाईंचं माहेर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नणंदबाईंना मामाच्या गावचा नाताळ आठवत असेल. तो ऐकून घ्या. अशा वेळी मुलीला बोलायला माणूस हवा असतो, भांडण हे नुसतं निमित्त.

जाऊबाईंच्या पुण्याच्या आमंत्रणाचं उत्तर सोपं आहे. नाही. नाताळच्या दिवसांत कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. तिथे दिव्यांनी डोळे दिपणाऱ्या माणसाला हात धरून चालवणं म्हणजे त्याला घरी बसवण्यापेक्षा वाईट. ऑपरेशन होऊन बाबा ठणठणीत झाले की पुढच्या वर्षी खुशाल जा, मुलीलाही आवडेल. यंदा त्यांनी इकडे यावं. सुट्टी नसेल तर एक दिवस यावं. पुण्याहून भुसावळला रात्रीच्या गाड्या आहेत आणि रेल्वेवाल्याच्या मुलाला ते नव्याने सांगायला नको.

आणि ते आले की दिरांना फक्त बसवून जेवू घालू नका. फेरीनंतरचं जेवण त्यांच्याकडे द्या. हॉटेलात जाऊन शेवभाजी खायचा बेत असेल तर तो यंदा राहू दे. भरताच्या वांग्यांचा हाच हंगाम आहे. बामणोदची वांगी बाजारात मिळतील, काड्यांवर भाजून, मिरची-लसूण कुटून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून. पुऱ्या जाऊबाई तळतील. वांगी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं त्यांचं, असं आधीच फोनवर बोलून ठेवा. त्यांना पुण्यात असं घरचं भरीत सहजी मिळत नाही, त्यामुळे ते फार कुरकुर करणार नाहीत.